दूधगंगेकाठचा इंग्रजीचा तास

मराठी कथेचा इतिहास सांगताना आपण लेखक, नियतकालिके आणि वाङ्मयीन वाद यांचा मागोवा घेतो. इंग्रजी कथेचा मराठीवर झालेला परिणामही आपण लेखकांच्याच पुस्तकांत शोधतो. परंतु ही इंग्रजी कथा आपल्याकडे प्रथम पोहोचली ती शाळेच्या वर्गात, आणि तिचा पहिला श्रोता होता बाकावर बसलेला विद्यार्थी. ती ऐकून त्याला काय वाटले, हे कोणी टिपून ठेवले नाही. परीक्षेने ते कधी विचारलेच नव्हते.

या विस्मृतीला एक ठळक अपवाद आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० साली झाली. पुढे मराठी कादंबरीचे प्रवर्तक ठरलेले हरि नारायण आपटे हे या पहिल्या पिढीतील विद्यार्थी. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हरिभाऊंनी विद्यार्थिदशेतच त्याचे विस्तृत परीक्षण लिहिले. हा विषय नाटकाचा होता, कथेचा नव्हे. तरीही ही घटना आम्हाला मोलाची वाटते. इंग्रजीत वाचलेल्या साहित्यावर आणि गुरुजनांनी केलेल्या त्याच्या भाषांतरावर एक विद्यार्थी स्वतःचे मत मांडतो, आणि ते मराठीत मांडतो! १८९० साली 'करमणूक' सुरू करून स्फुट गोष्टींना घर मिळवून देणाऱ्या संपादकाची घडण अशा धिटाईतून झाली होती.

पुण्याला हे घडू शकले, कारण तिथे छापखाना हाताशी होता. आमच्या सदलग्यासारख्या गावी विद्यार्थ्यांची मते शिकवणीच्या सतरंजीवरच राहिली. दूधगंगेच्या काठचे हे गाव; एका अंगाला निपाणीचा तंबाखू, दुसऱ्या अंगाला इचलकरंजीचे माग, आणि मध्ये ऊस. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, शेजारी कन्नड, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही, अशा वातावरणात आम्ही वाढलो. मराठी आणि कन्नड माध्यमांचे वर्ग निराळे भरत. इंग्रजीच्या शिकवणीला मात्र दोन्हीकडची मुले एका सतरंजीवर बसत. शिकवणारे निवृत्त शिक्षक धडा संपला की आपल्या जुन्या कॉलेजातल्या कथासंग्रहांतून एखादी कथा वाचून दाखवीत आणि अर्थ दोन्ही भाषांत सांगत.

टॉलस्टॉयची १८८६ सालची, माणसाला जमीन किती लागते हे विचारणारी कथा त्यांनी इंग्रजी भाषांतरातून वाचली. हजार रूबल मोजल्यावर सूर्यास्तापर्यंत पायी फिरून वेढली जाईल तेवढी जमीन पाहोम या शेतकऱ्याची व्हायची असते. अधिकाच्या हव्यासाने तो धाव धाव धावतो, सूर्य मावळता मावळता आरंभस्थानी पोहोचतो आणि तिथेच कोसळून मरतो. अखेर त्याच्या वाट्याला येते ती साडेतीन हात जागा. कथा संपल्यावर सरांनी काय वाटले ते विचारले. ज्याच्या घरी भाऊबंदकीचा दावा चालू होता असा एक मुलगा म्हणाला, "सर, त्यो मेला म्हणून सुटला. न्हाईतर बांध कोरला म्हणून जल्मभर कोरटात गेला असता." सगळे हसले, सर हसले नाहीत. हव्यास वाईट, हे तात्पर्य त्या मुलाने धुडकावले नव्हते. त्याने ते आपल्या बांधावर नेऊन तपासले होते.

मोपासांची 'नेकलेस' १८८४ सालची. मातिल्द मैत्रिणीचा हार उसना आणून समारंभाला जाते आणि हार हरवते. तसाच दुसरा हार घेण्यासाठी छत्तीस हजार फ्रँक मोजावे लागतात. ते कर्ज फेडताना नवराबायकोची दहा वर्षे कष्टात जातात. शेवटी कळते की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकांचा. त्याच वेळी मैत्रिणीला खरे का सांगितले नाही, असा प्रश्न सरांनी टाकला. लग्नाकार्यात उसने डाग घालून मिरवण्याची रीत आमच्याकडे घरोघर होती. एक मुलगी हलकेच म्हणाली, "सांगायचं कुठल्या तोंडानं?" पुढे अनेक पुस्तकांत या कथेची चिकित्सा आमच्या वाचनात आली, त्या चार शब्दांइतकी ती मर्माला भिडली नाही.

ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या नाताळाच्या भेटीच्या कथेवर तर दोन तट पडले. डेला आपले केस वीस डॉलरना विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. केस पुन्हा वाढतील पण घड्याळ परत येणार नाही, म्हणून नुकसान जिमचेच, असा हिशेब एका मुलाने कन्नडात मांडला. मुलींनी त्याला मराठीत उत्तर दिले. त्या संध्याकाळी भांडण जोराचे झाले. पण ते भाषेचे भांडण नव्हते. मराठी कोण आणि कन्नड कोण, याचा तेवढ्या वेळेपुरता सर्वांना विसर पडला होता.

ही कथा दोघांनाही सारखीच परकी होती, हे त्याचे कारण असावे असे आम्हाला वाटते. आपली म्हणून तिची बाजू घेण्याचा, किंवा त्यांची म्हणून तिला नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाला आपल्या घरातल्या अनुभवाने तिला सामोरे जावे लागले. परीक्षेच्या वहीत मात्र आम्ही सर्वांनी एकच उत्तर लिहिले, मार्गदर्शकातले, पाठ केलेले. बांध आणि उसने डाग त्या इंग्रजी उत्तरात मावणारे नव्हते. आणि मराठीत किंवा कन्नडात ते लिहायला कोणी सांगितले नाही.

या टापूत दोन्ही साहित्यांच्या वाटा पूर्वीपासून एकमेकींना भेटत आल्या आहेत. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नड कवी वि. कृ. गोकाक सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दोघेही पुढे ज्ञानपीठाचे मानकरी झाले. याच गोकाकांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ साली माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली, आणि सीमाभागातील मराठी मने दुखावली. इतिहासाच्या या विपर्यासावर आम्हाला भाष्य करायचे नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की, अहवाल आणि ठराव दप्तरांत जपून राहिले; सतरंजीवरचे ते बोलणे मात्र वाऱ्यावर गेले.

ते वर्गसोबती आता नातवंडांचे धनी आहेत. काहींच्या स्मरणात त्या कथा अजून असतील. जिथे शक्य आहे तिथे त्यांना विचारून, त्यांच्याच बोलीत ते लिहून घ्यावे. मराठी वाचकाच्या इतिहासाचे एक प्रकरण तिथे आहे, आणि ते कन्नड शेजाऱ्याला वगळून पुरे होणार नाही.