असिस्टंटची खुर्ची

ऑफिसात 'असिस्टंट' म्हटलं की आपण काय समजतो? काम भरपूर, अधिकार शून्य. परवा शनिवारी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलवरून चाललो होतो, तेव्हा अशाच एका असिस्टंटची गोष्ट आठवली. म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालला पोपने खास हक्क दिले होते, त्याला पाद्रुआदो म्हणतात. १६६१ च्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, पण पोर्तुगालने हा दावा काही सोडला नाही. पुढे कितीतरी वर्षं मुंबईत काही चर्चेस पोर्तुगीज बिशपची, काही रोमने नेमलेल्या बिशपची! शेवटी १९२८ मध्ये तोडगा निघाला: आर्चबिशप एकच, पण आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश. पहिले जोकिम लीमा, पोर्तुगीज. मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज जेजुइट. भारतीय माणसाचा या रांगेत नंबरच नाही.

स्वातंत्र्य दारात आलं होतं आणि रॉबर्ट्सनंतर नंबर होता पोर्तुगीजाचा. करार बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. मात्र आर्चबिशपला मदतीला सहायक बिशप मागता येतो. त्याला पोप नेमतो. स्वतःचा धर्मप्रांत नसल्यामुळे त्याला केव्हाच लयाला गेलेल्या एखाद्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव देतात. गादीचा वारसाहक्क त्याला नसतो. पण गंमत बघा, आळीपाळीचा नियम आर्चबिशपच्या खुर्चीला होता, सहायकाच्या नाही!

१९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. जन्म १९०० चा, कराचीत, घराणं गोव्याचं. त्याच वर्षी रॉबर्ट्स सगळा कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईतून निघून गेले. पद नावापुरतं त्यांच्याकडेच राहिलं, त्यामुळे खुर्ची रिकामी झाली नाही आणि पुढचा नंबरही लागला नाही. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला. डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

आमच्या धंद्यात याला वर्कअराऊंड म्हणतात. पण आमचे वर्कअराऊंड फुकटात होतात. रॉबर्ट्सनी त्यासाठी त्रेपन्नाव्या वर्षी स्वतःची खुर्ची मोजली. आपल्याकडे लोक नोकरी सोडताना हँडओव्हरची फाईलसुद्धा धड लिहून देत नाहीत.

असो. उद्या सोमवार.