एका फार्दिंगचा निकाल

चॉकलेटची वडी तोंडात टाकताना तिच्यामागे कुणाचे हात राबले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. पण वाचकहो, विसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रश्न इंग्लंडातल्या एका नामांकित कारखानदाराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचीच ही हकिगत.

बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलचे कॅडबरी घराणे क्वेकर पंथाचे. माणसे सज्जन, दानशूर. कारखान्याशेजारी त्यांनी बागबगीच्यांची टुमदार वसाहत वसवली, कामगारांना खेळायला मैदाने दिली. आणि कोको? त्यातला निम्म्याच्या आसपास यायचा तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील साओ तोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून.

तिथली गुलामगिरी कायद्याने केव्हाच संपली होती. कागदावर मजूर पाच वर्षांच्या कराराने येत. प्रत्यक्षात कित्येकांना अंगोलाच्या अंतर्भागातून धरून आणलेले असे, आणि करार संपला तरी घरी परतणे जवळजवळ कुणाच्याच नशिबी नसे. १९०१ साली विल्यम कॅडबरी यांच्या हाती मळ्याच्या विक्रीचा एक कागद पडला. त्यात गुराढोरांच्या जोडीने मजुरांचीही किंमत लावलेली होती!

मग त्यांनी केले काय? चौकशी केली. लिस्बनला जाऊन गाऱ्हाणे घातले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट यांना पाहणीसाठी आफ्रिकेला पाठवले. १९०८ मध्ये स्वतःही गेले. आपण गिऱ्हाईक आहोत तोवरच आपल्या शब्दाला वजन आहे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नव्हते, पण कोकोची खरेदी मात्र चालूच राहिली. ती थांबली मार्च १९०९ मध्ये.

दरम्यान १९०८ साली ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप केला. कॅडबरींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. वृत्तपत्राचे वकील एडवर्ड कार्सन यांनी साक्षीदार कॅडबरींना विचारले, की या आठ वर्षांत तुमच्या कोकोपायी किती गुलाम मेले याचा कधी अंदाज केलात का? उत्तर नकारार्थी आले. डिसेंबर १९०९ मध्ये ज्यूरीने कौल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली फक्त एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! दावा जिंकला खरा, पण अब्रूचे मोल दमडीएवढे ठरले.

पुढे खरेदी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे, वळली. पण प्रश्न काही सुटला नाही. पश्चिम आफ्रिकेच्या कोको मळ्यांतली बालमजुरीची अतिशय वाईट रूपे २००५ पर्यंत मोडून काढू, असे मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली कबूल केले होते. ती मुदत टळून गेली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी तत्त्वे मान्य केली. त्यांचे सांगणे असे, की कंपनीने आपल्या आवारापुरते पाहून भागत नाही. माल पुरवणाऱ्याच्या मळ्यात काय चालते याचीही दखल तिने घेतली पाहिजे. मात्र या तत्त्वांना कायद्याचे बळ नाही.

आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. चांगलेच झाले. पण नफा कसा वाटला, एवढेच विचारून थांबू नका. तो कसा मिळवला, हेही विचारा. बोर्नव्हिलच्या बागा खऱ्या होत्या आणि साओ तोमेचे मळेही खरेच होते. हिशेबाची वही मात्र दोहोंची एकच होती.