काळी बाटली आणि आपले तीळ

हल्ली बहुतेक घरांच्या फडताळात हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी एक काळपट बाटली दिसते. मुलांना फोडणीचा भात नको असतो, ‘फ्राइड राइस’ हवा असतो, आणि त्याला सोया सॉस लागतो. घरातील वडीलधाऱ्या बायका मात्र त्या बाटलीकडे अजून संशयानेच पाहतात. “यात मासळी तर नाही ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न. भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चीन देशात फार पूर्वी मांस आणि मासळी मिठात घालून बरणीत मुरवीत, त्याला ‘च्यांग’ म्हणत. पुढे मांसाच्या जागी सोयाबीनचे दाणे आले. सहाव्या शतकात तिकडे शेती व घरकामावर ‘छी मिन याओ शू’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला गेला. त्यात हे मुरविण्याच्या कृती सविस्तर दिल्या आहेत. डाळीचे च्यांग मुरले की वर जो पातळ रस सुटे तोच पुढे वेगळा काढून वापरू लागले. तेव्हा वडीलधाऱ्यांना सांगावे, वंश मासळीचा असला तरी साधा सोया सॉस शाकाहारीच आहे. मांस वर्ज्य करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या मठांतून तर त्याचा मोठा प्रसार झाला.

चीनमधून ही विद्या जपानात गेली. तेथे त्या रसाला ‘शोयू’ म्हणतात. जपानातील नोदा या गावाची एक कथा मला फार आवडली. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला. त्या लढाईत शिगे माकी नावाच्या बाईचा नवरा कामी आला. ती लहान मुलाला घेऊन पळाली आणि नोदा गावी आसऱ्याला आली. तेथे ती हा रस करावयास शिकली व त्यावर तिचे घराणे पुढे आले, असे सांगतात. कथेत खरे किती व भर किती, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण नोदाच्या आठ घराण्यांनी १९१७ साली एकत्र येऊन कंपनी काढली, तीच आज किक्कोमन नावाने जगभर बाटल्या विकते, ही गोष्ट खरी. विधवा बाईने बरण्यांच्या आधारावर संसार उभा करणे हे आपल्याकडेही नवे नाही. आपल्या पापड-लोणच्यांचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवला नाही.

नागासाकीच्या बंदरातून डच व्यापारी सतराव्या शतकात हा रस पिंपांतून बाहेर नेऊ लागले. ‘शोयू’ शब्द त्यांच्या तोंडी ‘सोया’ झाला आणि तोच इंग्रजांनी घेतला. मौज अशी की, सोयाबीनवरून सॉसला नाव पडलेले नाही, सॉसवरून त्या दाण्याला नाव मिळाले आहे.

हा रस करण्याची रीत ऐकली तर आपल्याला धडकीच भरेल. सोयाबीन भिजवून वाफवायचे, भाजून भरडलेले गहू त्यात मिसळायचे आणि त्यावर मुद्दाम बुरशी धरू द्यायची! आपण बुरशी दिसली की लोणच्याची बरणी ओतून टाकतो. पण ही विशिष्ट बुरशी निवडून पाळलेली असते. दोन-तीन दिवसांत ती सगळ्या दाण्यांवर पसरते, मग ते खाऱ्या पाण्यात घालून सहा महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक मुरत ठेवतात. शेवटी कापडातून पिळून रस तापवितात. स्वस्त बाटलीत पुष्कळदा हे काही नसते. सोयाबीनचा चोथा आम्लात उकळून थोड्या दिवसांत द्राव तयार करतात व रंगासाठी जळकी साखर घालतात. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असे लिहिले असेल तर ती माल मुरविलेला नाही, निदान सगळा नाही, असे समजावे. आणखी एक, मोठ्या चमचाभर सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. भातात आधी मीठ आणि वर सॉस असे दोन्ही घातले तर घरातील रक्तदाबाच्या माणसाचे हाल होतात.

आता तिळाकडे वळते, कारण तेथे आपण देणेकरी नसून धनको आहोत. हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले. तिळाचा रानटी पूर्वज आपल्याच देशात उगवतो. ‘तेल’ हा शब्दसुद्धा तिळापासूनच आलेला. चिनी लोक तिळाला पूर्वी ‘हूमा’ म्हणत. त्यातील ‘हू’ म्हणजे पश्चिमेकडचे परके लोक. म्हणजे ज्या तिळाच्या तेलाला आज आपण ‘चायनीज’ म्हणून वास घेऊन पाहतो, तो तीळ चीनला परका होता. फरक इतकाच, आपण घाण्यावर कच्चे तीळ गाळतो. ते लोक तीळ चांगले खमंग भाजून मग गाळतात, म्हणून तेल तांबूस व उग्र वासाचे निघते. ते फोडणीला घालू नये, वास जळतो. पदार्थ उतरविल्यावर चार थेंब पुरेत. बाटली महाग पडत असेल तर संक्रांतीला भाजतो तसे तीळ भाजून कुटून वर घालावेत. मी तेच करते.

सोयाबीनचा दाणाही आपल्याकडे कालपरवा आलेला नाही. बडोदे संस्थानात काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर इंग्रजीत पाककृतींसह पुस्तक लिहिले. त्याच सुमारास, १९३५ साली, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांना सोयाबीन खाऊ घालून पाहिले व ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. आज विदर्भ-मराठवाड्यात शेतेच्या शेते सोयाबीनची असतात. निंदायला, कापायला बायकाच वाकलेल्या असतात. पण तो दाणा तेलाच्या गिरणीत जातो, पेंड कोंबड्यांना जाते. त्या बायकांच्या ताटात तो क्वचितच येतो.

आणि ज्यांनी ही चव आपल्याला आणून दिली ती माणसे? अठराव्या शतकाच्या अखेरीस आछ्यू नावाचा चिनी गृहस्थ कलकत्त्याजवळ आला व त्याने उसाचा कारखाना काढला. त्या गावाला आजही आछीपूर म्हणतात. पुढे सुतार, चांभार, दंतवैद्य असे अनेक चिनी कलकत्त्यात येऊन राहिले, सॉसचे कारखानेही त्यांनीच काढले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा आसाम-बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, बायका-मुलांसकट, आगगाडीत घालून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांतील कित्येक येथेच जन्मलेले होते. काहींना १९६७ पर्यंत सोडले नाही. सुटून आले तर घरेदारे लिलावात गेलेली. पुष्कळ जण मग कॅनडाला निघून गेले. सीमेवर आपले जवान पडत होते, लोकांचा राग मी समजू शकते. पण चुलीपुढच्या बाईचा आणि तिच्या तान्ह्या पोराचा त्यात काय दोष होता, हे मला कोणी सांगितलेले नाही.

कलकत्त्याच्याच चिनी घरात जन्मलेले नेल्सन वांग पुढे मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लबात त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस दाट केला, आणि ‘मंचुरियन’ झाले असे सांगतात. मंचुरियात हा पदार्थ कोणी ओळखणार नाही. आपल्या गल्लीतील गाडीवर कोबीची भजी तळून जे विकतात ते त्याचेच धाकटे भावंड. मुंबईत माझगावला चिनी लोकांचे १९१९ साली बांधलेले देऊळ आहे. त्यांच्या नववर्षाला तेथे अजून दिवे लागतात, उदबत्त्या लावतात, आणि देवापुढे संत्री ठेवतात.