होडीला सातबारा नसतो

वैतरणा समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दातिवरे आणि समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला. पलीकडचा वसई तालुका किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसतो, पण पूर्वी तिकडे जायचं तर सफाळ्याला जाऊन रेल्वे धरावी लागे. त्या पलीकडच्या तालुक्यात १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी एक पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. १९०४ आणि १९१२ च्या सहकार कायद्यांनी वाट मोकळी केली होती. केळी, पानवेली, फुलं पिकवणाऱ्या माणसाला सावकाराच्या ओटीवर न जाता कर्ज मिळावं, त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच एकमेकांना जामीन राहावं, अशी ती साधी व्यवस्था. कर्जदार कसा आहे हे कागदापेक्षा गावाला जास्त ठाऊक असतं, या विश्वासावर हा सगळा डोलारा होता.

खाडीच्या अलीकडे गोष्ट निराळी. इथली वाट ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची. या बँकेत शेतकरी थेट जाऊन पीककर्ज मागत नाही. आधी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद व्हायचं, सोसायटीने जिल्हा बँकेकडून पैसा उचलायचा, जिल्हा बँकेच्या पाठीशी राज्य सहकारी बँक. खरा बँकवाला म्हणजे सोसायटीचा गटसचिव. कोणाच्या वाडीत पाणी आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचं कर्ज थकणार, हे त्याला वहीत न बघता सांगता येतं. खरिपापूर्वी उचल आणि मार्चअखेर भरणा, या ताला-सुरावर भातशेतीवाल्यांच्या पिढ्या गेल्या.

कोळ्याचं मात्र या तालाशी कधी जुळलं नाही. त्याला पैसा लागतो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर, आणि नेमकं तेव्हाच जाळी विणायची, इंजिन खोलायचं, फळ्या बदलायच्या. बँक विचारते सातबारा. होडीला सातबारा नसतो, आणि गावठाणातल्या घराचाही बहुतेकदा नसतो. मग मासळी घेणारा व्यापारी आगाऊ रक्कम देतो आणि हंगामाची मासळी आपल्याच दराने उचलतो. सहकाराने शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून जेवढं सोडवलं तेवढं दर्यावरच्याला सोडवलं नाही, असं माझं मत आहे. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये आलं. मच्छीमारांना त्यात जागा मिळाली ती २०१८ च्या अर्थसंकल्पातल्या घोषणेनंतर. वीस वर्षं लागली.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर, पाट्या, शिक्के बदलले. बँक मात्र ठाण्याच्याच नावाने दोन्ही जिल्ह्यांना सांभाळत राहिली. जिल्हा दुभंगला तरी पासबुक तेच राहिलं, याचं आम्हाला फार काही वाटलं नाही.

वाटलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. ८ तारखेला पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या आणि १४ तारखेला रिझर्व्ह बँकेने देशभरच्या जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. नागरी सहकारी बँकांना ती मनाई नव्हती. दोन्ही सहकारी, पण वसईतल्या नागरी बँकेच्या काउंटरवर नोट चालत होती आणि सोसायटीच्या साखळीतल्या बँकेत नाही. ज्याचं एकच खातं आणि तेही जिल्हा बँकेत, त्याने जायचं कुठे? निष्ठावान ग्राहकालाच फटका बसला.

नागरी बँकांचीही परीक्षा टळली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत. एकाच बांधकाम समूहाला कर्जाचा प्रचंड भाग दिलेला, आणि ठेवीदारांना पत्ता नाही. त्यानंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ठेवींचं विमा संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेलं. हे संरक्षण दर बँकेमागे, दर ठेवीदाराला आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे वाटले तरी एकत्रच मोजले जातात, व्याजासकट. आपली बँक आपली आहे म्हणून सगळी शिल्लक तिथेच ठेवायची, हे प्रेम झालं, शहाणपण नाही. शेअर्स घेतलेत तर वार्षिक सभेला जावं, अहवालातला थकबाकीचा आकडा बघावा. लाभांश घेऊन घरी येण्यासाठी ती सभा नसते.

दर्यावर जाणाऱ्या घरांनी एक काम उद्याच करावं. प्रत्येक पासबुकावर नॉमिनी नोंदलेला आहे का ते तपासावं; १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. दहा वर्षं हात न लागलेली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला ती नंतरही मागता येते. आजोबांची जुनी पुस्तकं ट्रंकेत असतील तर ती घेऊन शाखेत जा.