एक शाळा, ६३ सीझन, ६२१ विजय

आज राजा नाही, लढाई नाही, तहसुद्धा नाही. आजचा इतिहास आहे एका शाळेच्या मैदानाचा.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन बंदरापासून साधारण चाळीस किलोमीटर आत, समरव्हिल नावाचं गाव आहे. पाइनची उंच झाडं, वसंतात फुलणारी अझेलिया, आणि १९५० च्या आसपास वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजार. १९५२ साली इथल्या हायस्कूलमध्ये फुटबॉल कोच म्हणून पंचविशीतले जॉन मॅकिसिक रुजू झाले. आधी सैन्यात पॅराट्रूपर, मग प्रेस्बिटेरियन कॉलेजची पदवी, मग एक वर्ष नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या शाळेत कोचिंग. समरव्हिलची ही नोकरी त्यांनी सोडली २०१५ साली. तेव्हा वय होतं ८८.

माझ्या क्षेत्रात एकाच कंपनीत पाच वर्षं काढली तर लोक तब्येतीची चौकशी करतात. हे गृहस्थ ६३ सीझन एकाच मैदानावर उभे होते.

आता फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा तो नव्हे हं. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू, तो खेळ. अमेरिकेतल्या छोट्या गावांत शुक्रवारी रात्री हायस्कूलची मॅच असते, आणि तिला गर्दी होते ती आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना होते तशी. आपल्याकडे पीटीचे सर म्हणजे ऑफ तासाला वर्गावर पाठवायची सोय. तिकडे शाळेचा कोच हा गावातला वजनदार माणूस असतो, आणि लागोपाठ हरला तर त्याची नोकरीही जाते.

मॅकिसिक यांचा हिशेब असा: ६२१ सामने जिंकले, १५५ हरले, १३ बरोबरीत. मी कॅल्क्युलेटर काढून बसलो. दर सीझनला सरासरी साडेबारा सामने, त्यातले जवळपास दहा जिंकलेले, आणि हे तब्बल ६३ वर्षं. तुलनेसाठी सांगतो, व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक विजय डॉन शूला यांचे, ३४७. कॉलेज पातळीवर जॉन गॅग्लियार्डी यांचे ४८९. दोघंही दिग्गज, पण ६२१ च्या जवळ कुणीच नाही.

यावर कुणी म्हणेल, शाळकरी पोरांची मॅच, त्यात काय एवढं? मला उलट वाटतं. व्यावसायिक संघाला हवा तो खेळाडू विकत घेता येतो. शाळेच्या कोचला गावात जी पोरं जन्मली तीच मिळतात. त्यातही हायस्कूल चार वर्षांचं. पोरगा तयार होतो न होतो तोच पास होऊन बाहेर. म्हणजे दर चार वर्षांनी सगळी टीम नवी. ६३ वर्षांत असं पंधरा वेळा झालं. खेळ बदलला, नियम बदलले, पोरांचे केस वाढले, परत कमी झाले. आधी ज्यांना शिकवलं त्यांची मुलं आली, मग नातवंडं आली.

आणि त्यांची एक पद्धत प्रसिद्ध होती: टीममधून कुणालाही वगळायचं नाही. जो पोरगा सरावाला येईल आणि टिकेल, तो टीममध्ये. निवड चाचणी, मग नोटीस बोर्डावर यादी, मग त्यात आपलं नाव नाही, हा प्रकार आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत भोगलाय. म्हणून मला ही पद्धत फार आवडली.

पण इथे थांबावं लागतं. कारण ‘कुणालाही’ या शब्दात सुरुवातीला सगळे नव्हते.

१९५२ मध्ये साउथ कॅरोलायनात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. समरव्हिल हायस्कूल गोऱ्यांचं. गावातली कृष्णवर्णीय मुलं ॲल्स्टन हायस्कूलमध्ये जायची. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी एक याच राज्यातल्या समरटन भागातला होता (समरटन वेगळं, समरव्हिल वेगळं, माझाही आधी गोंधळ उडालेला). तिथल्या पालकांची पहिली मागणी काय होती, तर पोरांना शाळेत न्यायला बस द्या. एवढीच.

निकाल लागला, पण अंमलबजावणी लांबत लांबत १९७० पर्यंत गेली. समरव्हिलने पहिली तीन राज्य विजेतेपदं कधी मिळवली? १९५५, १९५६, १९५७. निकालाच्या लगेच पुढची तीन वर्षं. मैदानावर फक्त गोरी मुलं. ज्यांना फाटकातूनच आत यायची परवानगी नव्हती, त्यांना टीममधून वगळायचा प्रश्नच आला नाही. हा नियम मॅकिसिक यांनी केलेला नव्हता, तो राज्याचा होता. तरी ६२१ च्या पोटात ती वर्षंही आहेत, आणि मला तो आकडा आता तेवढा गोल दिसत नाही.

पुढची सात विजेतेपदं मात्र शाळा एक झाल्यानंतरची: १९७८, ७९, ८०, ८२, ८४, ८६ आणि ९८. १९७८ ते ८० मध्ये सलग ४१ सामने जिंकले. याच मैदानावर घडलेला ए. जे. ग्रीन हा कृष्णवर्णीय खेळाडू २०११ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला.

९८ नंतर राज्य विजेतेपद आलं नाही. गाव पसरत पन्नास हजारांच्या घरात गेलं, आसपास नवी हायस्कूलं निघाली, पोरं वाटली गेली. मॅकिसिक मात्र येत राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहाशेवा विजय, तेव्हा वय ८६. जून २०१५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि शाळेने कोच म्हणून त्यांच्याच नातवाला नेमलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये, ९३ व्या वर्षी ते गेले.

तुमच्या शाळेतले पीटीचे सर किती वर्षं तिथे होते, कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.