तळ्याकाठचा शिलेखाना

‘शिलेखाना’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गडावरची एखादी अंधारी, जाड भिंतींची कोठी उभी राहते. आत भाले, पट्टे, ढाली आणि बंदुका ओळीने लावलेल्या, त्यांची जंत्री कारखानिसाच्या दप्तरी नोंदलेली आणि किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन. अमेरिकेत ज्या वास्तूला ‘आर्मरी’ म्हणतात तिला हाच प्रतिशब्द द्यावयाचा तर थोडी सावधगिरी बाळगावी लागते, कारण तेथे हत्यारांची खोली एखाद्या कोपऱ्यात असते आणि बाकी सारी इमारत म्हणजे छप्पर घातलेले, मध्ये एकही खांब नसलेले एक विस्तीर्ण पटांगण असते. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीच्या मेजाशी बसणारी माणसे ठरलेल्या संध्याकाळी तेथे जमतात, गणवेष चढवतात, कवायत करतात आणि घरी जाऊन जेवतात. हत्यारांपेक्षा माणसे राखून ठेवण्याची ही जागा. ‘कवायतखाना’ म्हटले तर नाव अधिक शोभेल.

अमेरिकेच्या संघीय सरकारने राखीव नौदलाची स्थापना 1915 साली केली, आणि पुढील पंचवीस वर्षांत अशा खलाशांसाठी गावोगाव कवायतखाने उभे राहिले. समुद्राशी त्यांचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. इंडियानापोलिस हे शहर कोणत्याही सागरापासून शेकडो मैल आत, परंतु तेथेही व्हाइट नदीच्या काठी राखीव नौदलाचा शिलेखाना बांधला गेला, आणि शेतकऱ्यांच्या मुलांनी त्यात आगबोटीचा कारभार शिकून घेतला. त्या इमारतीत आता माध्यमिक शाळा भरते. मला मात्र येथे सिएटलच्या शिलेखान्याविषयी सांगावयाचे आहे, कारण त्याच्या वाट्याला आलेले शेजारी विलक्षण आहेत.

सिएटल शहराच्या ऐन मध्यावर लेक युनियन नावाचे गोड्या पाण्याचे तळे आहे. दुवामिश लोकांच्या भाषेत त्याला ‘लहान तळे’ अशा अर्थाचे नाव होते. 1854 च्या 4 जुलै रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वनभोजनाला जमलेल्या मूठभर वसाहतवाल्यांपुढे टॉमस मर्सर याने त्याचे ‘युनियन’ असे नामकरण केले. पूर्वेकडचे मोठे सरोवर आणि पश्चिमेकडची खाडी यांना हे तळे एक दिवस जोडील, अशी त्याची अटकळ होती. ती खरी ठरावयास त्रेसष्ट वर्षे लागली. पाण्याची पातळी चढवून-उतरवून जहाजे आत-बाहेर सोडणारे दरवाजे बॅलर्ड येथे बसले, कालवा खणला गेला, आणि 1917 साली त्याचे रीतसर उद्घाटन झाले तेही 4 जुलैलाच. तेव्हापासून समुद्रावरच्या बोटी शहराच्या पोटात येऊन नांगर टाकू लागल्या. गोड्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळाला चिकटलेला खाऱ्या पाण्यातला जीवजंतूंचा थर आपोआप मरून गळतो, ही गोष्ट कोळ्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

तळ्याच्या दक्षिण टोकाला 1882 पासून लाकडाची गिरणी चालत असे, आणि पूर्व काठावरील एका शेडमधून विल्यम बोइंग याचे पहिले विमान 1916 साली पाण्यावरून उडाले होते. याच दक्षिण टोकाला 1941-42 मध्ये राखीव नौदलाचा शिलेखाना बांधण्यात आला. त्याची मजुरी ज्या खात्यातून आली ते वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, रूझवेल्ट सरकारने 1935 साली महामंदीतील बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून काढलेले. आपल्याकडे अवर्षण पडले की सरकार दुष्काळी कामे काढते, खडी फोडून रस्ते आणि तलाव होतात, आणि दुष्काळ विसरला गेल्यावरही ते तलाव राहतात. अमेरिकेतील ही कामे त्याच जातीची, फरक इतकाच की तेथे दुष्काळ पावसाचा नसून रोजगाराचा होता. बेकारांना मजुरी मिळावी म्हणून कल्पिलेली ही इमारत पुरी होण्याआधीच 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले, आणि पाहता पाहता बेकार असा माणूस उरलाच नाही. शिलेखान्याचे लोकार्पण झाले 4 जुलै 1942 या दिवशी. नामकरण, कालवा आणि शिलेखाना या तिघांनी एकच तिथी साधावी, हा योगायोग मानण्यापेक्षा सरकारी समारंभांची खोड मानावी हे बरे.

वास्तुशिल्पी दोघे होते, विल्यम ग्रँट आणि बी. मार्कस प्रिटेका. यांपैकी प्रिटेका हा नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बांधण्यात ख्यातनाम. सिएटलचे कोलिसियम आणि हॉलिवूडचे पँटेजेस ही त्याचीच निर्मिती. ज्याने आयुष्यभर प्रेक्षकांची सोय पाहिली त्याला खलाशांचे कवायतघर बांधावयास द्यावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु चहूबाजूंनी सज्जे, मधोमध मोकळी भुई आणि वरून पाहणाऱ्याला प्रत्येक पाऊल स्पष्ट दिसेल अशी रचना कवायतीलाही लागते आणि रंगभूमीलाही. बाहेरून पाहावे तर काँक्रीटच्या सरळ, उभ्या रेषांचा साधा ठोकळा, अलंकाराचा सोस नाही. इमारतीचा काही भाग तर सरळ पाण्यावरच उभा आहे.

युद्धकाळात येथे नौदलाची प्रगत प्रशिक्षणशाळा चालली. त्या वर्षांत अशा वास्तूंमध्ये जे घडले ते सर्वच अभिमानाने सांगण्यासारखे नाही. लॉस एंजेलिस येथील राखीव नौदलाच्या शिलेखान्याभोवती चावेझ रॅव्हीनच्या टेकड्यांवर मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती होती. 3 जून 1943 च्या रात्री त्या शिलेखान्यातून सुमारे पन्नास खलाशी दंडुके घेऊन शहरात शिरले, आणि लांब कोट व ढगळ विजारी घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना त्यांनी रस्त्यात गाठून, मारून, त्यांचे कपडे अंगावरून उतरविले. दंगल काही दिवस चालली. पोलिसांनी पकडले ते बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच. त्या टेकड्यांवरील वस्त्या पुढे सरकारने घरबांधणीच्या नावाखाली उठविल्या, घरे काही बांधली नाहीत, आणि 1962 साली तेथे बेसबॉलचे भव्य क्रीडागार उभे राहिले. शिलेखान्यात आज अग्निशामक दलाचे जवान शिकतात. भिंतींना स्मरण नसते ही एका अर्थी सोयच म्हणावयाची.

सिएटलच्या धक्क्याला युद्धानंतर पाणबुड्या येऊन राहिल्या. 1960 पर्यंत ‘पफर’ आणि त्यानंतर 1971 पर्यंत ‘बोफिन’ या पाणबुडीवर राखीव खलाशी आठवड्याच्या सुटीत शिकत असत. बोफिन जलावतरित झाली ती 7 डिसेंबर 1942 रोजी, पर्ल हार्बरच्या बरोबर वर्षदिनी, आणि म्हणून ‘पर्ल हार्बरचा सूड घेणारी’ असे बिरुद तिला मिळाले होते. तिच्याच पाणतीरांनी 22 ऑगस्ट 1944 रोजी ‘त्सुशिमा मारू’ हे जपानी जहाज बुडाले. ओकिनावाहून सुरक्षित ठिकाणी हलविण्यात येत असलेली शेकडो शाळकरी मुले त्यावर आहेत याची पाणबुडीवरील कोणाला कल्पना नव्हती. शनिवारी सकाळी तळ्याकाठी झडपा उघडण्या-मिटण्याचा सराव करणाऱ्या त्या हिशेबनिसांना आणि शाळामास्तरांना हे ठाऊक होते की नव्हते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बोफिन आता होनोलुलूला प्रेक्षकांसाठी उभी आहे.

1998 मध्ये नौदलाने सिएटलच्या शिलेखान्यातून मुक्काम हलविला आणि 2000 साली इमारत शहराच्या ताब्यात आली. तळ्याकाठी सार्वजनिक उद्यान करावयाचे ठरले, ते 2010 साली पुरे झाले. त्याच सुमारास सिएटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयावर वेगळेच संकट कोसळले होते. 1911 साली कारकीक दांपत्याने काढलेल्या इतिहासमंडळाचे हे अपत्य, 1952 पासून माँटलेक भागात नांदत असलेले. त्याची जागा महामार्ग क्रमांक 520 च्या रुंदीकरणात गेली. रस्तारुंदीत घर गेलेल्या माणसाची स्थिती मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको. नुकसानभरपाई पदरात पडली, एलएमएन या वास्तुशिल्पी संस्थेने शिलेखान्याची आतून फेररचना केली, आणि 29 डिसेंबर 2012 रोजी संग्रहालय तेथे सुरू झाले. खांब नसलेली ती प्रशस्त भुई येथे कामी आली. जी इमारत एकाच कामासाठी कापून-बेतून शिवलेली असते, ती त्या कामाबरोबर मरते. येथे पोकळीच बांधली गेली होती, आणि पोकळीला कोणतेही बिऱ्हाड चालते.

आता त्या पोकळीत बोइंगचे 1919 सालचे बी-1 हे जलविमान टांगले आहे, जे एडी हबर्ड सिएटल आणि कॅनडातील व्हिक्टोरिया यांच्या दरम्यान टपाल घेऊन उडवीत असे. वरच्या मजल्यावर पाणबुडीचा पेरिस्कोप बसविला आहे; त्याला डोळा लावून फिरविला की तळे, कालव्याकडची वाट आणि दक्षिणेकडील ॲमेझॉनच्या कचेऱ्या ओळीने समोरून जातात, ज्यांत पुण्या-मुंबईकडून गेलेली मराठी मुलेमुलीही बसलेली असतात. संग्रहातील एक वस्तू तर हातात मावेल एवढी आहे, सरसाचे भांडे. 6 जून 1889 रोजी सुताराच्या दुकानात सरस उतू गेला आणि त्यातून लागलेल्या आगीत सिएटलची मध्यवस्ती जळून खाक झाली. ज्यात तो सरस उकळत होता ते भांडे हेच, असे सांगतात.

परंतु या वास्तूची खरी शेजारीण ‘वावोना’. कॅलिफोर्नियात 1897 साली हान्स बेंडिक्सेन याने बांधलेले हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज आधी लाकूड वाहत असे, पुढे बेरिंगच्या समुद्रात कॉड मासे धरीत असे. 1964 मध्ये काही नागरिकांनी ते विकत घेतले, 1970 साली राष्ट्रीय वारसा-यादीत नोंदविले गेलेले ते पहिले जहाज ठरले, आणि शिलेखान्याच्या लगतच्या धक्क्याला ते कित्येक वर्षे दुरुस्तीची वाट पाहत उभे राहिले. पैसा आला नाही. पाऊस मात्र नेमाने आला. 2009 च्या मार्चमध्ये ते मोडीत काढावे लागले. कवायतीसाठी बांधलेला काँक्रीटचा ठोकळा वाचला आणि समुद्र पाहिलेले लाकूड गेले. जतनाचा न्याय हा असा असतो, कारण ठोकळ्यात बिऱ्हाड करता येते आणि जहाजाचे फक्त जहाजच करता येते.

त्या मोडलेल्या जहाजाचे लाकूड शिल्पकार जॉन ग्रेड याने घेतले आणि त्याच्या कोरीव फळ्यांचे सुमारे 65 फूट उंच शिल्प घडवून ते शिलेखान्याच्या मध्यसभागृहात टांगले. प्रेक्षकाला त्याच्या आत शिरता येते. फळीला हात लावून थोडा रेटा दिला की सबंध शिल्प धक्क्याला बांधलेल्या होडीसारखे संथ हेलकावे घेते. त्याचा शेंडा छपरातून वर उघड्यावर निघाला आहे आणि तेथे त्यावर सिएटलचा पाऊस पडतो. खालचे टोक कवायतीची भुई छेदून पलीकडे तळ्याच्या पाण्यापर्यंत गेले आहे.