न्यू ऑर्लिअन्समधील एक इटालियन दुकान

मिसिसिपी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी जीं शेवटचीं मोठीं वळणें घेते, त्यांपैकीं एका वळणावर न्यू ऑर्लिअन्स शहर वसलेलें आहे. फ्रेंचांनीं तें १७१८ सालीं वसविलें, पुढें कांहीं काळ तें स्पॅनिशांच्या ताब्यांत होतें, आणि १८०३ मध्यें नेपोलियननें लुइझिआनाचा सारा मुलूख अमेरिकेस विकला तेव्हां त्याबरोबर तेंही विकलें गेलें. इतकें इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकांत सांपडतें. परंतु या शहराच्या जुन्या भागांत, ज्यास अद्यापि फ्रेंच क्वार्टर म्हणतात, डिकेटर रस्त्यावर दुपारीं लोकांची जी रांग लागत आली आहे ती कोणत्याही फ्रेंच पक्वान्नासाठीं नव्हे. ९२३ क्रमांकाचें तें दुकान एका सिसिलियन वाण्यानें १९०६ सालीं उघडलें. त्याचें नांव साल्वातोरे लुपो आणि दुकानाचें नांव सेंट्रल ग्रोसरी.

इटलीच्या दक्षिण टोंकाशीं असलेल्या सिसिली बेटांतील माणसें इतक्या दूर कशीं आलीं, याचें उत्तर प्रथम लिंबांत शोधावें लागतें. सिसिलीची लिंबें व संत्रीं पालेर्मो बंदरांतून न्यू ऑर्लिअन्सला येत असत, आणि हा व्यापार अमेरिकेंतील यादवी युद्धाच्याही आधींचा. त्या जहाजांबरोबर व्यापारी आले, कांहीं खलाशी आले, थोडेबहुत राहिले. युद्ध १८६५ मध्यें संपलें, गुलाम मुक्त झाले, आणि लुइझिआनांतील उंसाच्या मळेवाल्यांना मजुरांची वाण पडली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना योग्य मजुरी देण्यापेक्षां परदेशांतून गरीब माणसें आणणें त्यांना सोयीचें वाटलें. इकडे सिसिलींत जमीन थोडी, कर भारी आणि जमीनदार निर्दय. पालेर्मोहून थेट न्यू ऑर्लिअन्सला येणाऱ्या आगबोटी माणसांनीं भरूं लागल्या. उंसाच्या तोडणीच्या दिवसांत कुटुंबेंच्या कुटुंबें मळ्यांवर राबत.

मळेवाल्यांचा हिशेब मात्र चुकला. हीं माणसें पोटाला चिमटा घेऊन पैसा सांठवीत, आणि चार पैसे जमतांच मळा सोडून शहराची वाट धरीत. कोणी फळांची गाडी ढकलूं लागला, कोणी शहराबाहेर जमीन खंडानें घेऊन भाजीपाला पिकवूं लागला. फ्रेंच क्वार्टरमधील जुन्या श्रीमंतांनीं सोडलेले वाडे खोल्याखोल्यांनीं भाड्यानें जाऊं लागले, व विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या भागास 'लिटल पालेर्मो' असें नांव पडलें. नांव देणाऱ्यांच्या मनांत कौतुक कमी आणि तुच्छता अधिक होती.

ती तुच्छता किती खोल होती हें १८९१ च्या मार्चमध्यें दिसून आलें. आदल्या वर्षीं १५ ऑक्टोबरच्या रात्रीं शहराचा पोलीस अधिकारी डेव्हिड हेनेसी याच्यावर रस्त्यांत गोळ्या झाडल्या गेल्या व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. संशय इटालियनांवर आला. धरपकड झाली, एकोणीस जणांवर आरोप ठेवला गेला आणि त्यांपैकीं नऊ जणांचा खटला आधीं चालला. १३ मार्च रोजीं निकाल लागला. सहा जण निर्दोष ठरले, उरलेल्या तिघांविषयीं पंचांचें एकमत झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थांनीं वर्तमानपत्रांतून सभेचें आवाहन केलें, आणि त्या सभेंतून निघालेला जमाव तुरुंगावर चालून गेला. तुरुंगाचें दार फोडून अकरा माणसांना ठार मारण्यांत आलें. त्यांपैकीं तिघे निर्दोष सुटलेले होते. पांच जणांचा तर खटलाही उभा राहिलेला नव्हता. हें कृत्य गांवगुंडांनीं केलें असतें तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता. परंतु पुढारीपण वकिलांकडे होतें, आणि देशांतील कित्येक मोठ्या पत्रांनीं त्यांची पाठराखण केली. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनीं बहिणीस लिहिलेल्या पत्रांत हें एकंदरीत बरेंच झालें, अशा अर्थाचा अभिप्राय दिलेला आहे. इटलीनें आपला वकील परत बोलावला. अखेर १८९२ मध्यें अमेरिकन सरकारनें २५,००० डॉलर भरपाई देऊन तें प्रकरण मिटविलें. मारेकऱ्यांपैकीं कोणासही शिक्षा झाली नाहीं.

यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनीं, त्याच शहरांत, लुपो यांनीं आपलें दुकान मांडलें. जागा त्यांनीं मोठी विचारपूर्वक निवडली होती. रस्त्यापलीकडेच फ्रेंच मार्केट, म्हणजे शहराची जुनी मंडई. पहांटे शेतकरी गाड्या भरून येत, आणि त्यांत सिसिलियन पुष्कळ. माल विकून होईपर्यंत दुपार होई. अशा वेळीं आपल्या भाषेंत बोलणारा दुकानदार समोरच असणें ही केवळ सोय नव्हती. ज्या शहरानें आपल्या माणसांना तुरुंगांत शिरून मारलें, त्या शहरांतील ती विसांव्याची जागा होती.

दुकानांत काय असे? ऑलिव्ह तेलाचे डबे, खारवलेल्या ऑलिव्ह फळांचीं पिंपें, वाळविलेल्या शेवयांचे नाना प्रकार, टांगलेलें खारवलेलें मांस, चीजचे गड्डे, मिठांतील मासे. आपल्याकडे परमुलखांत गेलेला माणूस जशी गोडा मसाला व कोकम मिळण्याची जागा शोधीत फिरतो, तसेंच हें. मागच्या बाजूस बसून खाण्याची सोय पुढें झाली. आरंभीं गिऱ्हाइकें पिंपांवर व खोक्यांवर बसत.

या बसण्यांतूनच या दुकानाची कीर्ति जन्मली. लुपो यांची कन्या मेरी लुपो तूसा यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील पुस्तकांत ती हकीगत दिली आहे. शेतकरी थोडें सलामी, थोडें हॅम, चीजचा तुकडा, ऑलिव्हचें लोणचें आणि पाव असें सगळें वेगवेगळें घेत व मांडीवर सांवरून खात. ती कसरत पाहून लुपो यांनीं सुचविलें की, पाव आडवा कापून सगळें आंतच कां भरूं नये? लांबट वेणीचा इटालियन पाव दातांना फार कडक. पण तीळ लावलेला गोल, चपटा, मऊ पाव या कामास अगदीं योग्य. त्या पावाचें सिसिलियन नांव मफुलेटा. तेंच नांव भरलेल्या पावासही पडलें.

या पदार्थाचा जीव मांसांत नसून लोणच्यांत आहे. हिरवे ऑलिव्ह, सेलरी, फुलकोबी व गाजर यांचे तुकडे लसूण आणि ओरेगानो घालून तेलांत मुरत ठेवतात. तयार मफुलेटा कागदांत गुंडाळून ठेवला म्हणजे तें तेल पावांत जिरतें, व ताज्यापेक्षां मुरलेला अधिक रुचकर लागतो. लोणचें घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीस हें सांगण्याचें कारण नाहीं. पाव सुमारें दहा इंच रुंद, म्हणून बहुतेक लोक अर्धाच घेतात.

अशा प्रसिद्ध गोष्टींवर हक्क सांगणारे अनेक निघतात. शेजारीं १९२४ मध्यें प्रोग्रेस ग्रोसरी नांवाचें दुसरें सिसिलियन दुकान निघालें आणि तेथेंही मफुलेटा मिळूं लागला. नेपोलियन हाउस या जुन्या जागीं तो गरम करून देतात, आणि थंड खरा कीं गरम खरा यावर त्या शहरांत वाद घालणारे कांहीं थोडे नाहींत. लुपो यांच्या कन्येची हकीगत घरचीच साक्ष असली तरी ती बनावट वाटत नाहीं. पावाच्या कडकपणासारखा क्षुल्लक तपशील कल्पनेनें रचणाऱ्यास सुचत नाहीं. तो पाहिलेल्यासच आठवतो.

मध्यंतरीं शहराचा कल पालटूं लागला होता. १९१७ सालीं जाझ संगीताची पहिली तबकडी निघाली ती एका गोऱ्या वाद्यवृंदाची; त्याचा प्रमुख निक लारोका हा न्यू ऑर्लिअन्सच्या सिसिलियन घराण्यांतला. (जाझ हें मूळचें त्या शहरांतील कृष्णवर्णीयांचें संगीत, तबकडीचा पहिला मान त्यांना मिळाला नाहीं, हेंही येथें नोंदविलेंच पाहिजे.) १९३६ मध्यें रॉबर्ट मेस्त्री हा इटालियन वंशाचा गृहस्थ शहराचा महापौर झाला व दहा वर्षें त्या खुर्चीवर होता. तो उतरला त्याच १९४६ सालीं साल्वातोरे लुपो यांनीं दुकानांतून अंग काढून घेतलें. कारभार जांवई फ्रँक तूसा यांच्याकडे आला, आणि पुढें नातवंडांनीं तो चालविला.

परंतु ज्या गिऱ्हाइकांसाठीं दुकान उघडलें होतें, तीं हळूहळू नाहींशीं झालीं. सिसिलियन कुटुंबें सुखवस्तु होऊन उपनगरांत राहावयास गेलीं. भाजीपाला दूरदूरच्या मळ्यांतून मोठमोठ्या दुकानांत परस्पर येऊं लागला. १९७० नंतरच्या दशकांत मंडईची डागडुजी झाली ती प्रवाशांना आकर्षण म्हणून. शेवया व तेल आतां कोणत्याही दुकानांत मिळूं लागलीं. अशा स्थितींत वाणसामानाचें दुकान केवळ वाणसामानावर तगलें नसतें; तें तगलें तें त्या एका गोल पावावर. शेतकऱ्याची सोय म्हणून जें भरलें गेलें, तें पाहुण्यांचें कौतुक झालें, आणि ज्या नगरानें सिसिलियनांना परकें मानलें तेंच आपल्या खाद्यांची नांवें सांगतांना मफुलेटाचें नांव अभिमानानें घेऊं लागलें.

१२ एप्रिल २०१९ रोजीं न्यू ऑर्लिअन्सच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनीं १८९१ च्या हत्याकांडाबद्दल शहराच्या वतीनें क्षमा मागितली. मारल्या गेलेल्यांपैकीं ती ऐकावयास अर्थातच कोणी नव्हतें. १२८ वर्षें उलटलीं होतीं.

दुकानावर मात्र आणखी एक संकट यावयाचें होतें. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना वादळानें शहर बुडविलें. बरोबर सोळा वर्षांनीं, २९ ऑगस्ट २०२१ रोजीं, आयडा वादळ आलें आणि त्यांत सेंट्रल ग्रोसरीच्या इमारतीची मोठी हानि झाली. तीन वर्षांहून अधिक काळ तिचीं दारें बंद होतीं. त्या काळांत मफुलेटा शेजारच्या दुकानांतून विकला जात होता, आणि गिऱ्हाइकें तेथें जाऊन तो घेत होतीं. २०२४ च्या डिसेंबरांत ९२३, डिकेटर रस्ता येथील दार पुन्हां उघडलें.